मेडिकल आणि मार्शल आर्ट्स: नक्की काय सोडायचं, काय ठेवायचं?

निळापट्टा

नमस्कार मंडळी. लहानपणापासून कराटे करते आहे, गेली काही वर्षं जोडीला ज्युजित्सूही. मेडिकलला प्रवेश मिळालाय, पहिलं वर्ष लवकरच सुरू होईल. आणि ज्याला त्याला एकच सल्ला द्यायचाय: आता हे सगळं बंद कर. का, विचारलं तर कोणी म्हणतं वेळ मिळणार नाही, कोणी म्हणतं हात मोडला तर काय करशील, आणि एका काकांचं म्हणणं की डॉक्टर होणाऱ्या मुलीने मारामारी शिकूच नये.

मला हे सोडायचं नाहीये. पण हट्टाने धरूनही ठेवायचं नाही. म्हणून जे या दोन्हीतून गेलेत त्यांना विचारते आहे. वेळेचं कसं जमवता? स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, चालू ठेवावं का? हाताच्या दुखापतींची भीती कितपत खरी आहे? आणि माझा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी प्रवेशासाठी अर्ज करणार आहे, तोही कराटे करतो. त्याने अर्जात, आणि कुठे मुलाखत असलीच तर मुलाखतीत, याबद्दल काय सांगावं?

नुसतं 'कर' किंवा 'नको करू' असं उत्तर नको आहे. कारणं सांगा.

रात्रपाळी

इंटर्न आहे, ज्युदो करते. वेळेबद्दल मी सांगते.

पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटतं की आता श्वास घ्यायलाही फुरसत नाही. अ‍ॅनाटॉमीचा ढीग खरंच मोठा असतो. पण दिवसाचा आकार ठरलेला असतो: लेक्चर, डिसेक्शन, प्रॅक्टिकल, संपलं. संध्याकाळ तुझी असते. खरी अडचण पुढे येते, पोस्टिंग, म्हणजे वॉर्डांतली पाळीपाळीची नेमणूक, सुरू झाल्यावर. मेडिसिन, सर्जरी, प्रसूतिशास्त्र यांच्या पोस्टिंगमध्ये कोणती संध्याकाळ आपली आणि कोणती वॉर्डाची, हे आदल्या दिवशीही सांगता येत नाही. त्वचा, नेत्र, कम्युनिटी मेडिसिन या काळात तुलनेने मोकळीक असते. म्हणून 'आठवड्यातून अमुक दिवस' असा नियम वर्षभर चालवायला जाऊ नकोस. पोस्टिंगप्रमाणे सराव वाढव, कमी कर. पट्ट्याची परीक्षा आणि विद्यापीठाची परीक्षा एका महिन्यात येऊ देऊ नकोस. वर्षाचं वेळापत्रक हातात आलं की सरांना जाऊन दाखव. त्यांना आधी कळलं तर ते सांभाळून घेतात, आणि न सांगता गैरहजर राहिलं की नाराज होतात, हे साहजिकच आहे.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळते. रात्रभर ड्युटी केली असेल तर मॅटवर जाते, पण रँडोरी (मोकळी सराव-लढत) करत नाही. झोप नसली की आपला तोल जातोच, शिवाय समोरच्याला सोडायची वेळही चुकते. त्याने टॅप केलेलं (हार मानून थोपटलेलं) अर्ध्या क्षणाने उशिरा कळलं तर त्याचा कोपर गेला. अशा दिवशी उकेमी (नीट पडण्याचा सराव), हालचाली, मोबिलिटी एवढंच. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झोप कापून क्लासला जाणं हा तोट्याचा व्यवहार आहे. वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं काम मोठ्या प्रमाणात झोपेतच होतं.

कॅज्युअल्टीवाला

वेळेचा प्रश्न सुटतो. मला डोक्याबद्दल बोलायचंय, कारण या विषयात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

हाताला लागलं तर दिसतं, सुजतं, एक्स-रे निघतो, सुट्टी मिळते. कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं, झालं तर बाहेरून काही दिसत नाही. माणूस बेशुद्ध पडला तरच कन्कशन, हा समज अजून जिवंत आहे आणि तो चूक आहे. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. डोकं जड होणं, उजेड सहन न होणं, वाक्य वाचून पुन्हा पहिल्या शब्दाकडे जावं लागणं, चिडचिड, झोपेचं बिघडलेलं तंत्र, ही लक्षणं असतात. मेडिकलचा विद्यार्थी ही सगळी लक्षणं 'अभ्यासाचा ताण' म्हणून खपवतो, कारण दोन दिवसांनी विवा (तोंडी परीक्षा) असते. मी असे विद्यार्थी पाहिलेत. त्यांना आजाराची व्याख्या तोंडपाठ असते, पण स्वतःला ती लावायची तयारी नसते.

क्रीडाक्षेत्रातल्या कन्कशनवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं निवेदन २०२३ मध्ये आलं. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती. म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे; घरातली हलकी कामं, थोडं चालणं चालतं, स्क्रीन मात्र कमी. त्यानंतर पायरी पायरीने व्यायाम वाढवायचा, आणि वरच्या पायऱ्यांवर प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे. आधी अभ्यास पूर्ववत झाला पाहिजे. ज्या सरावात डोक्याला पुन्हा लागू शकतं तो, लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावरच. पहिलं बरं होण्याआधी दुसरा फटका बसला तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि ते जिवावर बेततं. तरुणांमध्येच ही घटना जास्त नोंदली गेली आहे.

वारंवार बसणाऱ्या फटक्यांबद्दल बोलायचं तर, हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमधल्या 'पंच ड्रंक' अवस्थेचं वर्णन १९२८ मध्येच केलं होतं. हा काही कालपरवाचा शोध नाही.

हेडगियर (डोक्यावरचं संरक्षक कवच) घातलं की झालं, असं कोणी सांगेल. हेडगियरने कातडी फाटत नाही, भुवई फुटत नाही. पण डोकं गर्रकन फिरलं की आत मेंदूवर जो ताण पडतो तो हेडगियर अडवू शकत नाही. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ गटातून हेडगियर काढूनच टाकलं, आणि रिओच्या ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले.

म्हणून माझं स्पष्ट मत: डोक्यावर जोर लावून केलेलं स्पॅरिंग आजपासून बंद. हलकंसुद्धा तेव्हाच, जेव्हा समोरच्याच्या हातावर तुझा पूर्ण भरवसा असेल. बाकी सगळं ठेव.

जुनाज्युदोका

कॅज्युअल्टीवाल्यांशी सहमत, पण एक भीती वाटते म्हणून लिहितो. 'बाकी सगळं ठेव' म्हणताना लोक हळूहळू प्रतिकारच काढून टाकतात. मग उरतो हवेत मारलेला काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आणि न पडणारा जोडीदार. काताचं मला मोल आहे, पण जो समोर विरोध करतोय त्याच्यावर तंत्र चालवता येणं हा या विद्येचा गाभा आहे. तो गेला तर चालू ठेवून काय उपयोग?

याचं उत्तर ज्युदोच्या जन्मातच आहे. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान सुरू केलं, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले ठोसे, लाथा आणि जीवघेणे प्रकार त्यांनी फक्त कातापुरते राखले आणि मोकळ्या सरावातून, रँडोरीतून, बाहेर ठेवले. विद्या गुळमुळीत करायचा हेतू त्यात नव्हता. धोकादायक भाग वगळल्यामुळेच उरलेला भाग पूर्ण ताकदीने, रोज, खऱ्या विरोधाविरुद्ध करता आला. कानो स्वतः शिक्षक होते, आणि माणूस उद्या पुन्हा सरावाला येऊ शकला पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा निळापट्टा, तुझ्याकडे ज्युजित्सू आहेच. ताकद तिथे लाव. कराटेत काता, पॅडवर्क (पॅडवर ठोसे-लाथांचा सराव), अंतर राखण्याची ड्रिल्स. तुमची शाखा फुल कॉन्टॅक्ट (पूर्ण जोराने मारायची मुभा असलेली) असेल तर एक ध्यानात ठेव: क्योकुशिनसारख्या शैलीत डोक्यावर ठोसा मारायला मनाई असते, पण लाथ चालते. आणि लाथेत ठोशापेक्षा कमी जोर असतो असं कोणी म्हणू नये.

पण फेकीतही डोकं आपटू शकतं. ओ-सोतो-गारीमध्ये (पायाने पाय उडवून मागे पाडणारी फेक) मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची सवय नसेल तर डोक्याची मागची बाजू मॅटवर आदळते. नवख्याला ही फेक जोरात मारू नये. जुन्यानेही सरावाच्या सुरुवातीला उकेमी गाळू नये. पट्ट्याचा रंग बदलला की लोक ती गाळायला लागतात.

निळापट्टा

खूप आभार सगळ्यांचे. आमची शाखा फुल कॉन्टॅक्टच आहे, त्यामुळे लाथेचा मुद्दा बरोबर माझ्याच दारात आला. एक विचारते: ज्युजित्सूत डोक्यावर मार नाही, पण गळा आवळणं आहे. ते कितपत सुरक्षित?

कॅज्युअल्टीवाला

चांगला प्रश्न. नीट लावलेल्या चोकमध्ये श्वासनलिका दाबली जात नाही. दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड (मानेतल्या मोठ्या धमन्या) दाबल्या जातात, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. सोडल्यावर ती लवकर परत येते, म्हणून लोकांना हे निरुपद्रवी वाटतं. पण 'बेशुद्ध होईपर्यंत टॅप करणार नाही' हा बाणेदारपणा तुझ्या पेशात नको. लवकर टॅप कर, आणि दुसऱ्यालाही लवकर सोड.

क्वचित मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटतं. मॅटवरून उठल्यावर किंवा दोनचार दिवसांनी मानेच्या एका बाजूला नव्याने दुखू लागलं, पूर्वी कधी न झालेली डोकेदुखी झाली, एका डोळ्याची पापणी जराशी खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक दिसली, तर 'मान लचकली' म्हणत शेकत बसू नकोस. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा आणि चोक लागल्याचं आवर्जून सांग. न सांगितल्यास तरुण मुलीच्या मानदुखीमागे कोणी ते शोधणार नाही.

हस्तरेखा

हँड सर्जरीत काम करते, पूर्वी स्वतः ग्रॅपलिंग (पकडीची झुंज) करत होते. हातांबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण 'हात मोडेल' हे लोक ज्या अर्थाने म्हणतात तसं फारसं घडत नाही. जे घडतं ते साधं दिसतं म्हणून दुर्लक्षिलं जातं.

पहिलं म्हणजे जर्सी फिंगर. जोडीदाराच्या गीची (सरावाच्या पोशाखाची) बाही तू बोटांच्या टोकांनी घट्ट धरली आहेस, तो हिसका देऊन सुटतो, तुझं बोट वळलेलंच राहतं आणि आतली फ्लेक्सर (बोट वळवणारी) कंडरा हाडापासून सुटते. बहुतेक वेळा अनामिका. सूज फार नसते, दुखणंही सोसण्याइतकं. ओळखायचं असं: मूठ वळायला सांगायची. बाकीची बोटं तळव्यात जातात, अनामिकेचं शेवटचं पेर सरळच राहतं. असं दिसलं की त्याच आठवड्यात हँड सर्जनकडे. कंडरा तळव्यापर्यंत मागे सरकली असेल तर साधारण सात ते दहा दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, त्यानंतर ती जागेवर आणणं अवघड होत जातं. 'परीक्षा झाली की दाखवते' इथे चालत नाही.

उलट प्रकार मॅलेट फिंगर: टोकाचं पेर खाली लोंबतं, सरळ होत नाही. याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, पण पेर सरळ ठेवणारा स्प्लिंट सहा ते आठ आठवडे अखंड लावावा लागतो. अखंड म्हणजे धुतानाही ते पेर क्षणभर वाकू द्यायचं नाही. वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हातावर पडून मनगट दुखत असेल तर अंगठा ताणून त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो तिथे दाबून बघ. तिथे दुखलं तर स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) मोडलेलं असू शकतं, एक्स-रे स्वच्छ आला तरी. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे फ्रॅक्चर दुर्लक्षित राहिलं तर मनगटाकडचा तुकडा मरू शकतो. म्हणून संशय असला की मनगट आधार देऊन बांधतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा सोय असेल तर आधीच एमआरआय.

आणि ठोसा मारताना कोणाच्या दाताने बोटाच्या मुळाशी, उभारावर, छोटीशी जखम झाली तर ती छोटी समजू नकोस. मूठ उघडली की कातडी सरकते, जखम झाकली जाते आणि तोंडातले जंतू थेट सांध्यात अडकतात. वरून प्लास्टर चिकटवून मोकळं होण्यासारखी ही जखम नाही. ती धुवावी लागते, अँटिबायोटिक लागतं.

ग्रिपबद्दल एवढंच सांगेन: हिसका बसतोय असं जाणवलं की बाही सोडून द्यायला शिक. एक पकड गेली तर एक डाव जाईल, आणि पुढची पकड घ्यायला बोट शाबूत राहील. बोटात अडकवून धरण्याच्या पकडी कमी कर, आणि जमेल तिथे गीशिवायचा सराव वाढव.

मायक्रोस्लाइड

वरच्या प्रतिसादाला जोडून, त्वचेचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कुस्ती आणि ग्रॅपलिंगमध्ये गजकर्ण, नागीणसदृश पुरळ उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स आणि स्टॅफिलोकोकस जंतूंचे फोड एका अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात. इतरांसाठी हा त्रास असतो. तुम्ही मात्र सकाळी वॉर्डात अशा रुग्णाला हात लावता ज्याची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते. म्हणून सरावानंतर लगेच अंघोळ, गी दर वेळी धुतलेली, नखं कापलेली. संशयास्पद चट्टा दिसला की मॅट बंद, दाखवून उपचार सुरू. हातावर ओरखडे असतील तर वॉर्डात जाण्याआधी वॉटरप्रूफ ड्रेसिंग.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (० , १ आणि ६ महिने) पूर्ण करून एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी १० किंवा त्याहून जास्त आली का, ते तपासून घ्या. मेडिकलला हे लागणारच आहे. रक्त निघणाऱ्या खेळातही त्याचा उपयोग आहे.

प्रश्नपत्रिका

भावाच्या अर्जाबद्दल लिहिते. प्रवेशाच्या मुलाखती घेण्याचं काम केलेलं आहे.

'कराटेने मला शिस्त, चिकाटी आणि आत्मविश्वास दिला' हे वाक्य समोरच्याने ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं असतं. नृत्य, बुद्धिबळ, पोहणं, कशाच्याही पुढे ते बसतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याने असं काही सांगावं जे फक्त त्याच्याकडे आहे. छोट्या मुलांना शिकवतो का? मग एखादं घाबरणारं मूल पहिल्यांदा मागे पडायला तयार कसं झालं, त्याने नेमकं काय केलं, काय बोलला, ते सांगावं. जोडीदाराला दुखापत झाली तेव्हा त्याने काय केलं? आपल्यापेक्षा कितीतरी हलक्या मुलाबरोबर सराव करताना जोर कसा आवरतो? मला अशा उत्तरातून माणूस दिसतो. पदकांची यादी अर्जात एका ओळीत मावते, तिला मुलाखतीची मिनिटं देऊ नयेत.

आणि एक प्रश्न हमखास येऊ शकतो: 'ज्याला कोणाला इजा करायची नाही असं शिकायचंय तो मारायला का शिकतो?' हा खोडसाळ प्रश्न नाही. वैद्यकीय व्यवसायाने या बाबतीत भूमिका घेतलेली आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९८२ पासून बॉक्सिंगवर बंदीची मागणी लावून धरली, आणि जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्ये व्हेनिसच्या अधिवेशनात बॉक्सिंगवर बंदीची शिफारस केली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की बाकीच्या खेळांत दुखापत होते, इथे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला मार देणं हेच यशाचं साधन आहे. भावाने हा आक्षेप समजून घ्यावा आणि आपली शैली त्याच्या कोणत्या बाजूला येते याचा प्रामाणिक विचार करावा. 'कराटे हा फक्त स्वसंरक्षणासाठी' असं म्हणून सुटू नये, कारण तो स्पर्धा खेळत असेल तर ते खरं नाही. 'मी स्पर्धा खेळतो, पण डोक्यावर जोर लावण्याचा प्रकार सोडला आहे, आणि सोडण्याचं कारण हे' असं कोणी म्हणालं तर मी पुढे सरसावून ऐकेन. अर्थात सोडला असेल तरच.

रात्रपाळी

पुन्हा येते, कारण काकांचा मुद्दा राहिला. डॉक्टर होणाऱ्या मुलीने हे शिकू नये म्हणतात त्यांना सांग की वॉर्डात हात उगारणारे रुग्ण आणि नातेवाईक असतात, हे सगळ्या देशांतल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. पण त्याच वेळी हेही खरं की तिथे फेक मारायची नसते. रुग्ण अंगावर येतोय तेव्हा पहिला विचार असा की साखर खाली गेली आहे का, ऑक्सिजन कमी पडतोय का, डिलिरियम (आजारामुळे आलेला भ्रम) आहे का, दारू सुटल्यामुळे चाललंय का. तो तुझा प्रतिस्पर्धी नाही. तो आजारी आहे.

मॅटवरचं जे कामाला येतं ते वेगळं आहे. अंतराचा अंदाज. खोलीत शिरताच दार कुठे आहे आणि आपल्या व दाराच्या मध्ये कोण उभं आहे, हे आपोआप दिसणं. हात छातीच्या उंचीवर, उघडे, बोलता बोलता ठेवलेले, म्हणजे समोरच्याला आव्हान वाटत नाही आणि आपला चेहराही मोकळा नसतो. कोणी मनगट धरलं तर खेचाखेच न करता अंगठ्याच्या बाजूने सोडवून एक पाऊल मागे. स्टेथोस्कोप गळ्यात न अडकवता खिशात, आणि लांब केस बांधलेले. मदतीला लवकर हाक मारणं. घाबरलेल्या अवस्थेत श्वास खाली आणता येणं, हे तर मला ज्युदोनेच दिलं, कारण अंगावर वजन घेऊन पडलेलं असताना घाईने श्वास घेतला की हरणार हे शरीराला कळलेलं आहे.

निळापट्टा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, भावालाही वाचायला दिले. मी ठरवलेलं लिहिते. कुमितेच्या (लढतीच्या) स्पर्धा या वर्षीपासून थांबवते. काता, पॅडवर्क आणि लहान मुलांच्या वर्गाला मदत चालू ठेवते. ज्युजित्सू गीशिवाय, आणि ड्युटीच्या दिवसांत फक्त ड्रिल. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस घेतला.

सरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी मला राज्य पातळीसाठी तयार केलं होतं, त्यामुळे जड जातंय. कसं सांगू?

जुनाज्युदोका

वर्गाच्या गडबडीत नको, आणि मेसेजवर तर अजिबात नको. सराव संपल्यावर थांब. 'सर, स्पर्धा थांबवते आहे, वर्ग सोडत नाहीये' हे पहिल्याच वाक्यात सांग, म्हणजे ते सोडून चालल्याच्या धक्क्यात राहणार नाहीत. कारण म्हणून डोक्याच्या दुखापतीचं सांग, वेळेचं नको. वेळेवर ते तोडगा काढतील आणि तुला पुन्हा नाही म्हणावं लागेल. मग मुलांचा वर्ग माग. मी वर्षानुवर्षं शिकवतोय, चांगला सहायक मिळणं हे स्पर्धक मिळण्यापेक्षा अवघड असतं, त्यांना आनंदच होईल.

निळापट्टा

हे फार उपयोगी पडेल दादा. हस्तरेखाताई, एक शेवटचं: बोटांना टेप लावून सराव करावा का?

हस्तरेखा

आधीच दुखावलेल्या बोटाला आधार म्हणून शेजारच्या बोटाशी बांधायला हरकत नाही. मधे गॉझचा पातळ तुकडा ठेव, नाहीतर घामाने कातडी सोलवटते. टेप सांध्यांवरून नको, सांध्यांच्या वर आणि खाली लाव, म्हणजे बोट वळतं. बोटाचं टोक पांढरं किंवा निळसर दिसलं, बधिर झालं तर लगेच काढ. टेप आहे म्हणून जास्त जोराने पकडायचं नाही. आणि वॉर्डात जाताना ती काढूनच जा, टेप असलेले हात नीट धुतले जात नाहीत. टेपशिवाय भागत नसेल इतकं बोट दुखत असेल, तर त्या आठवड्यात पकड नको आणि बोट कोणाला तरी दाखव.